मिग्दालियाची खूण

प्लासेतास गावाबाहेर, उसाच्या रानांना लागून जी रसायन संस्था आहे, तिथे मिग्दालिया पेद्राहा ही बाई छत्तीस वर्षं काच फुंकत होती. संस्थेतले संशोधक येत-जात राहिले. काही मियामीला गेले, काही माद्रिदला, एकाने तर संशोधन गुंडाळून टॅक्सी धरली. मिग्दालिया मात्र तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत बर्नरसमोर बसलेली असायची ती असायचीच. तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर जांभळट चष्मा, आणि कुणाशी बोलायचं झालं तर नळी न काढता ओठाच्या कोपऱ्यातून. बुटकी, अंगाने भक्कम बाई. हातांवर भाजल्याचे डाग इतके की ती म्हणायची, "माझा हात बघून भविष्य सांगायला बसलात तर तुमचाच जन्म जाईल."

विशीत असताना सरकारने तिला हा धंदा शिकायला पूर्व जर्मनीत धाडलं होतं. तीन वर्षांत तिने तिथून दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे थंडीबद्दलचा कायमचा राग, आणि दुसरी म्हणजे खूण करायची सवय. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने तिला बजावलं होतं की भांडं तपासून झाल्याशिवाय त्यावर आपलं नाव घालायचं नाही, आणि एकदा घातलं की ते भांडं कुठेही फुटलं तरी ते आपणच फोडलं असं समजायचं.

काच तपासायची म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. बर्नरवर जोडलेली काच दिसायला गार झाली तरी आतून धुमसत असते. एक बाजू आधी आवळली, दुसरी मागाहून, असं होऊन तिच्यात ताण अडकून बसतो. म्हणून ती पुन्हा भट्टीत घालायची, साडेपाचशे अंशांच्या वर तापवायची, तिथे थोडी मुरू द्यायची, आणि मग हळूहळू, घाई न करता, उतरवायची. ताण गेला की नाही हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी मिग्दालियाकडे काळपट पारदर्शक अशा दोन पट्ट्या होत्या. एकमेकींवर आडव्या धरल्या की पलीकडचा उजेड बंद. मधे निवांत काच धरली तरी अंधारच. पण काचेत ताण असेल तर त्या अंधारात रंग उमटतात, निळे, पिवळे, तांबडे. रंग दिसले की भांडं परत भट्टीत. अंधार राहिला की मिग्दालिया हिरकणीच्या पेन्सिलीने बुडाशी आपली दोन अक्षरं आणि तारीख कोरायची.

या खुणेचं संस्थेत मोठं प्रस्थ होतं. नियमाप्रमाणे नवं भांडं आलं की त्यातली हवा पंपाने ओढून ते कुठे गळतंय का ते बघायला हवं. पण पंपाला तेल लागतं, आणि तेल कुठून आणणार? दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं, मिग्दालियाची खूण असेल तर कशाला तपासायचं, आणि तेव्हापासून तोच नियम झाला. खूण असलेल्या भांड्याची गळती कुणी बघत नसे. लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा जास्त पाळलं जायचं. मिग्दालियाला याचा अभिमान होता. लपवायची नाही ती.

तिच्या खोलीत रोज दुपारी येणारा एकच माणूस होता, केसादा. संस्थेचा भौतिकी विभाग म्हणजे हा केसादा, एक टेबल आणि एक संगणक, जो केसादाच्या म्हणण्याप्रमाणे निवृत्तीला त्याच्याही आधी पात्र झाला होता. जन्मभर त्याने एकाच गोष्टीवर डोकं फोडलं होतं. ज्या पदार्थांत अणूंची रांग नसते, सगळा गोंधळ असतो, ते पदार्थ असे का वागतात? काच हा त्याचा लाडका गोंधळ. थर्मासमधली पाकासारखी गोड कॉफी दोन कपांत ओतून तो बोलत बसायचा.

"स्फटिक म्हणजे शाळेची प्रार्थना," तो सांगायचा. "पहिल्या ओळीवरून शेवटची ओळ कळते. आणि काच म्हणजे आपली पावाची रांग. दिसायला जिकडेतिकडे माणसं, कुणी झाडाखाली, कुणी पायरीवर. पण प्रत्येकाने येताना विचारलेलं असतं, शेवटचं कोण? त्यामुळे प्रत्येकाला आपल्या पुढचा माणूस पक्का माहीत. त्याच्या पलीकडचं विचारशील तर कुणालाच ठाऊक नाही."

"आणि मधेच एखादी म्हातारी उठून घरी गेली तर?"

"तर सगळी रांग भांडते आणि तशीच थिजते. तू भट्टीत घालून त्यांना भांडण मिटवायला वेळ देतेस. मी तीस वर्षं तेच कागदावर लिहायला बघतोय आणि मला जमत नाहीये."

"मग कागद सोड आणि झाडू घे. त्या कोपऱ्यात काचा पडल्यात," मिग्दालिया म्हणायची, आणि केसादा खरंच झाडू घ्यायचा.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात वीज जायला लागली ती अशी की येण्याचीच बातमी व्हायची. फोनवर वेळापत्रक यायचं आणि वीज ते वेळापत्रक न वाचता जायची. त्या जुलैत लेयानिस नावाची मुलगी मिग्दालियाच्या दारात येऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांची, काटकुळी, केस कायम पेन्सिलीने खोचलेले. डॉ. आरेन्सिबियांच्या हाताखाली ती डॉक्टरेट करत होती. तिला तीन तोंडांचा एक चंबू हवा होता, बाजूला, हवा बाहेर ठेवणारा आर्गॉन वायू सोडायची नळी जोडलेला.

"मावशी, मला या आठवड्यातच लागेल गं. ते बोरॉनचं द्रव्य आलंय. एका पाहुण्याने आपल्या बॅगेतून आणलंय, आणि गारव्याशिवाय ते फार दिवस टिकत नाही."

"सगळ्यांनाच या आठवड्यात लागतं. पुढचा आठवडा कुणाला नकोच आहे या देशात," मिग्दालिया कुरकुरली, पण तिने नळ्या काढल्या.

लेयानिस तिला आवडायची. ती एकटीच अशी होती की स्टुलावर बसून आपलं काम मिग्दालियाला समजावून सांगायची, आणि ते कळतंय की नाही हे तिच्या चेहऱ्याकडे बघून तपासायची. तिचं काम मूलकांचं होतं. मूलक म्हणजे असा रेणू की ज्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना पडलाय.

"तो गप्प बसतच नाही मावशी. समोर येईल त्याचा जोडीदार ओढतो. मग तो दुसरा एकटा पडतो, तो तिसऱ्याचा ओढतो. एकदा सुरू झालं की साखळीच लागते."

"आमच्या गल्लीतली लग्नं अशीच चालतात."

"अगं पण सुरू कोण करतं, तेच सगळ्यात अवघड. पहिला मूलक कुणीतरी जन्माला घालावा लागतो. कुणी उष्णतेने घालतं, कुणी विषारी कथलाची संयुगं वापरतं. मी नुसत्या निळ्या दिव्याने करून दाखवणार आहे. ना विष, ना कचरा. आणि मूलक वळून स्वतःलाच चिकटणार, त्याचं कडं होणार."

चंबू बुधवारी जोडून झाला. भट्टीत मुरायला ठेवला आणि बरोबर सतराव्या मिनिटाला वीज गेली. भट्टी जुनी, दार वाकलेलं. फटींतून ऊब सुटायला लागली. मिग्दालियाने फटींत चिंध्या कोंबल्या, वर राखेची पोती टाकली. गुरुवारी पुन्हा घातला, पुन्हा तेच. शुक्रवारी वीज आलीच नाही. दुपारी लेयानिस दारात आली. तिच्या हातात बर्फाच्या डब्यात गुंडाळलेली ती बाटली होती, आणि बर्फ वितळत चालला होता.

मिग्दालियाने चंबू खिडकीपाशी नेला, पट्ट्यांमधे धरला. बाजूची नळी जिथे मानेला जोडली होती तिथे नखाएवढा पिवळा रंग होता, कडेला निळा. फार नव्हता, पण होता. असे चंबू तिने छत्तीस वर्षांत हजारदा परत भट्टीत घातले होते.

"झालं ना मावशी?" दारातून आवाज आला.

मिग्दालियाची पाठ दाराकडे होती. पुढच्या आठवड्यात परत मागून घेऊ, नीट मुरवून देऊ, अशी तिने मनाची समजूत घातली. हिरकणी घेतली, अक्षरं कोरली, तारीख घातली.

"झालं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिच्या बहिणीच्या घराचं छप्पर उडालं, मग गॅस संपला, मग ऑगस्ट आला. चंबू परत मागायचा राहिला तो राहिलाच. आणि वरच्या मजल्यावर त्या चंबूत लेयानिसचं नशीब उघडलं. तिची कडी होत होती. शंभरातली एक्याऐंशी, त्र्याऐंशी, एकोणऐंशी. लेख छापून आला तेव्हा आरेन्सिबियांनी लेयानिसला सगळ्यांसमोर मिठी मारली. पुढल्या वर्षासाठी ब्राझीलमधल्या एका प्रयोगशाळेत तिची जागा ठरली. आईसाठी तिने पेरूच्या गोडाचा डबा नेला आणि अर्धा मिग्दालियाला ठेवला. मिग्दालियाने तो आनंदाने खाल्ला. पिवळ्या रंगाचा तिला विसरच पडला होता, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. आठवण यायची आणि ती तिच्याकडे कानाडोळा करायची, इतकंच.

फेब्रुवारीत ब्राझीलमधल्या त्या लोकांनी तोच प्रयोग करून बघितला. त्यांना मिळाले शंभरातले सहा. त्यांनी पुन्हा केला, पाच. नम्रपणे पत्र लिहिलं. आरेन्सिबियांनी लेयानिसला देणगीत आलेल्या नव्या कोऱ्या परदेशी चंबूत प्रयोग करायला सांगितलं, स्वतः शेजारी उभे राहिले. सात. दुसऱ्यांदा चार.

मग कुजबुज सुरू झाली. संस्थेतले लोक एरवी तोंडावर बोलतात, पण अशा वेळी जिन्यात बोलतात. पोरीने आकडे घरी बसून लिहिले. ब्राझीलला जायची घाई झाली होती हो. तिच्या वहीची तपासणी झाली, आणि वहीत एक नोंद सापडली, जी बघून सगळ्यांनी भुवया उंचावल्या. चौदा सप्टेंबर: दोनला दिवा लावला, दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली, निळा दिवा बंद, भांडं तसंच राहू दिलं, संध्याकाळी बघितलं तर एक्याऐंशी टक्के. दिव्याने होणारी गोष्ट दिव्याशिवाय कशी झाली? खोटं लिहिणाऱ्याची गफलत ती ही, असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. चौकशी समिती नेमली गेली. तीन आठवड्यांनी बैठक. खोटेपणा ठरला तर डॉक्टरेट गेली, ब्राझील गेलं, आणि या बेटावर रसायनाचं दार तिला कायमचं बंद.

त्याच दिवशी लेयानिस खाली आली आणि स्टुलावर बसली. डोळे सुजलेले होते.

"मी जे घडलं तेच लिहिलं गं मावशी. दिवा गेला हे मी लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. खोटंच लिहायचं असतं तर मी इतकी बावळट आहे का?"

"नाहीस," मिग्दालिया म्हणाली. मग थांबून, जरा जपून तिने विचारलं, "दिव्याशिवाय ती तुझी साखळी आणखी कशाने सुरू होते?"

"खूप उष्णतेने. किंवा थोड्या हवेने. त्या बोरॉनला जराशी हवा लागली तरी मूलक सुटतात. जास्त लागली तर सगळं मरतं, पण चिमूटभर चालते. मी तो विचार केला होता." तिने नाक पुसलं. "पण हवा येणार कुठून? चंबूवर तुझी खूण आहे."

मिग्दालियाने बर्नर बंद केला. तो बंद करायची तशी काही गरज नव्हती.

"आण तो चंबू. बघते एकदा."

लेयानिसने चंबू आणून दिला आणि ती वर्गावर गेली. मिग्दालियाने भिंग लावलं. चंबू धरून ठेवणाऱ्या चिमट्याचं रबर जिथे बसतं, त्याच्या आड, जोडाशी एक चीर होती. केसाहून बारीक, अर्ध्या नखाएवढी. ताणाने काच आतल्या आत हळूहळू उलत गेली होती, आणि तिथून एखाद्या चोरासारखी हवा आत जात होती. चिमूटभर. पोरीच्या सगळ्या यशाला पुरेल एवढी.

तिने चंबू कापडात गुंडाळला आणि खणात ठेवून खण ढकलला.

आता कुणी म्हणेल, धावत वर जायचं आणि सांगायचं, एवढं काय त्यात? सांगणाऱ्याचं काय जातं म्हणा! तिच्या एकसष्ट वर्षांत तिच्या नावावर दुसरं काय होतं? नवरा कधीच निघून गेलेला, मुलगी टँपामध्ये, फोनवर नातवाचे दात दाखवणारी. या इमारतीत मात्र चारशेच्या वर भांडी होती, आणि प्रत्येकाच्या बुडाशी तिची दोन अक्षरं. एका भांड्यावर ती खोटी निघाली की चारशे भांड्यांवर संशय. आणि पोरीला समिती सोडूनच देईल, ती खरं बोलते हे दिसतंच की, असं ती स्वतःला सांगत राहिली. लेयानिस दर दोन-तीन दिवसांनी यायची, विचारायची, काही दिसलं का गं चंबूत? आणि मिग्दालिया म्हणायची, अजून बघायला झालं नाही, पोरी. प्रत्येक वेळी लेयानिस थोडी आणखी वाळलेली असायची. एकदा म्हणाली, "मला वाटतं मावशी, मीच वेडी झाले असेन. कदाचित मी आकडे खरंच चुकीचे वाचले असतील. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही." त्यावरही मिग्दालियाने खण उघडला नाही. हे मी सांगतो आहे कारण ते घडलं.

केसादाला तिने आडून विचारलं. "चांगली मुरवलेली काच नंतर आपली आपण उलते का?"

"चांगली मुरवलेली? सहसा नाही. अर्धवट मुरवलेली उलते. लगेच नाही, कधी चार दिवसांनी, कधी महिन्याने. आत भांडण अडकलेलं असतं, ते रोज जरा जरा सरकतं." केसादाने कप खाली ठेवला. तो गबाळा दिसायचा, पण मूर्ख नव्हता. "कुणी मुरवली होती?"

मिग्दालियाने त्याच्याकडे बघितलं नाही.

"वीज गेली होती," ती म्हणाली.

"वीज तर सगळ्यांचीच जाते, मिग्दा." त्याने थर्मासचं झाकण लावलं. "मी कुणाला सांगणार नाही. पण मला हे ठाऊक नाही असं धरून मला इथे कॉफी प्यायला येता येणार नाही." आणि खरंच तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी डॉ. आरेन्सिबिया खाली आले. सडपातळ, थकलेला माणूस. ते मुलीवर चिडलेले नव्हते, दुखावलेले होते, आणि ते जास्त वाईट.

"उद्या समितीत विषय निघेल, भांड्यात काही दोष होता का. मी आधीच लिहून दिलंय, मिग्दालिया, तुला त्रास नको म्हणून." त्यांनी खिशातला कागद उलगडून वाचला. "वापरलेल्या चंबूवर आमच्या काच कारागीर बाईंची खूण आहे, सबब उपकरणातील दोषाची शक्यता विचारात घेण्याचे कारण नाही." कागद घडी करत ते म्हणाले, "म्हणजे उरते फक्त मुलगीच. काय करणार."

ते गेल्यावर मिग्दालियाने खण उघडला. आजवर तिची खूण कुणाच्या उपयोगी पडत होती. आता ती एका निरपराध पोरीच्या गळ्यावर सुरीसारखी ठेवली जात होती, आणि तीही मिग्दालियाच्याच अक्षरांत.

बैठक सकाळी दहाला, वाचनालयाशेजारच्या खोलीत होती. वीज नव्हती, खिडक्या उघड्या, सगळे घामाने डबडबलेले. समितीत आरेन्सिबिया, विद्याशाखेच्या एक चष्मेवाल्या बाई आणि बाहेरून आलेले एक गृहस्थ. लेयानिस टेबलाच्या टोकाशी, इस्त्री केलेल्या पांढऱ्या ब्लाउजमधे, परीक्षेला बसल्यासारखी. मिग्दालियाला कुणी बोलावलं नव्हतं. ती दार ढकलून आत आली, हातात कापडाचं गाठोडं.

"बाई, इथे चौकशी चालली आहे," बाहेरचे गृहस्थ म्हणाले.

"म्हणूनच आले."

तिने चंबू काढून टेबलावर ठेवला, पट्ट्या काढल्या, आणि खिडकीशी जाऊन चष्मेवाल्या बाईंना हाक मारली. "तुम्ही या. इथून बघा. रंग दिसतोय? पिवळा? तो दिसायला नको होता. आता भिंगातून बघा, तिथेच चीर आहे. हवा तिथून गेली. या पोरीच्या बोरॉनला हवा लागली की दिवा नसला तरी साखळी सुरू होते, तिनेच मला सांगितलंय. तिने लिहिलं ते सगळं खरं आहे."

लेयानिस अर्धवट उठली होती. चूक कुठे होती हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं होतं, आणि रसायन जाणणाऱ्या माणसाला ते दिसल्याचा जो आनंद होतो तो तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलाही.

आरेन्सिबियांनी घसा साफ केला. ते भले होते, आणि भल्या माणसासारखीच त्यांनी पळवाट काढली. "चीर पडली हे खरं. पण ती नंतर पडली असणार, मिग्दालिया. वापरताना. चिमटा जास्त आवळला, कुठे आपटला. विद्यार्थ्यांच्या हातून होतं असं. निष्काळजीपणा झाला, खोटेपणा नाही. तसं लिहिता येईल आपल्याला. मुलगीही सुटेल आणि..." पुढचं त्यांनी तिच्यावर सोडलं.

वाट सरळ होती. नुसती मान हलवायची होती. पोरीवर निष्काळजीपणाचा डाग, तो काय, धुऊन निघाला असता. मिग्दालियाने चंबूच्या बुडाशी असलेल्या स्वतःच्या अक्षरांकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "चिमट्याने नाही पडली. भट्टी मधेच बंद पडली होती, दोनदा. मी खिडकीशी धरून बघितला, ताण दिसला. आणि तरी मी खूण केली. तिला घाई होती म्हणून नाही. मला परत भट्टी लावायचा कंटाळा आला होता म्हणून. लिहून घ्या."

चष्मेवाल्या बाईंनी लिहून घेतलं.

दोनच दिवसांत लेयानिसने नव्या, न गळणाऱ्या चंबूत प्रयोग लावला, खोली अंधारी केली, दिवा लावलाच नाही, आणि सुईने चिमूटभर हवा आत सोडली. शंभरातले ऐंशी. समिती शेजारी उभी होती. तिच्यावरचा आरोप मागे घेण्यात आला. पण निळ्या दिव्याचा सगळा दावा गेला, छापलेला लेख मागे घ्यावा लागला, आणि हवेने मूलक सुटतात हे जगाला पूर्वीपासून माहीत होतं, त्यात नवं काही नव्हतं. ब्राझीलवाल्यांनी जागा दुसऱ्या कुणाला दिली. वर्षभर थांबा, पुढच्या खेपेला बघू, असं कळवलं.

आणि खाली मिग्दालियाच्या खोलीत भांडी यायला लागली. आधी एक, मग चार, मग टोपल्यांनी. कुणी वाकडं बोललं नाही. लोक नजर चुकवून म्हणायचे, "जरा बघून ठेवशील का मिग्दा, सवडीने." ती एकेक भांडं पट्ट्यांमधे धरायची. चारशे अकरांपैकी आणखी एकातही रंग दिसला नाही. हे तिने वर कळवलं. त्याने काही फरक पडला नाही. पंपासाठी तेलाची व्यवस्था झाली, आणि प्रत्येक भांड्याची गळती बघायची असा लेखी नियम निघाला. केसादा थर्मास घेऊन परत यायला लागला. तो रांगेच्या गोष्टी सांगायचा, ती ऐकायची, पण झाडू घे असं म्हणायची नाही.

लेयानिसला पुढच्या वर्षी, मार्चमधे, ब्राझीलचं पत्र आलं. मधल्या काळात ती जिन्यात भेटली तर मान डोलवायची, गालाला गाल लावायला थांबायची नाही. जायच्या दोन दिवस आधी ती खाली आली. स्टूल होतं, बसली नाही.

"निरोप घ्यायला आले."

"बरं केलंस, पोरी. ती तिथली थंडी..."

"तिथे थंडी नसते मावशी." ती जरा हसली, मग हसू गेलं. "समितीसमोर तू बोललीस म्हणून मी जातेय. आरेन्सिबियांनी तुला वाट काढून दिली होती आणि तू ती घेतली नाहीस, हे मी कुणालाही सांगते. आईलाही सांगितलं."

मिग्दालियाला काहीतरी म्हणायचं होतं. इतके महिने तिने ते मनात घोळवलं होतं. "मला क्षमा..."

"एक विचारू? तुला कधी कळलं? त्या दिवशी सकाळी?"

खोटं अगदी जिभेवर होतं, आणि ऐकणारीला ते हवंही होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

"नाही," मिग्दालिया म्हणाली. "तू चंबू आणून दिलास, त्याच दुपारी."

लेयानिसने मान हलवली, हळू, जसं एखादं गणित तपासून बरोबर आल्यावर हलवतात.

"ते तीन आठवडे मी रोज घरी जाऊन आईला सांगत होते की मी खोटं लिहिलं नाही. ती म्हणायची, माझा विश्वास आहे तुझ्यावर. रोज म्हणायची. आणि मला वाटायचं, हिला काय, ही आई आहे, हिला रसायनातलं काय कळतं. एकजण तरी असा हवा की ज्याला खरंच माहीत आहे." तिने पिशवी खांद्याला लावली. "आणि तुला माहीत होतं."

मग ती पुढे झाली, रीतीप्रमाणे गालाला गाल लावला, आणि गेली.